वजीरला जोड हवा

व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जायचं म्हणजे चार दिवस राहावं, गोड बोलावं, साडी द्यावी, साडी घ्यावी आणि इभ्रतीनं परत यावं. मीही तेवढ्याच तयारीनं चिपळूणहून निघाले होते. पण वाशीम जिल्ह्यातले माझे सगळे दिवस एका बैलापायी गेले. आता शेजारीपाजारी विचारतात, "तिकडे काय पाहिलंत?" मी सांगते, बैल. त्यांना वाटतं, बाई थट्टा करतेय.

मी जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं. त्यामुळे दोन खोडी अंगात मुरल्या आहेत. कुणी चुकीचं बोललं की गप्प बसवत नाही, आणि बरोबर बोललं तरी त्यात भर घातल्याशिवाय राहवत नाही. निघताना माझ्या मुलीनं, मुग्धानं, बजावलं होतं, "आई, माझ्या सासरी जाऊन कुणाला शिकवू नकोस." मी हो म्हटलं होतं. पण हो म्हणायला काय जातं?

आसेगाव

मुग्धा आणि जावई पुण्यात असतात. जावयाचे आईवडील आणि थोरला भाऊ गजानन आसेगावात शेती बघतात. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या घरी गेले नव्हते, आणि विहीणबाई, म्हणजे वच्छलाबाई, दर फोनला टोचायच्या, "आमचं गाव काई चंद्रावर नाही, इहीनबाई. एस्टी येते." शेवटी मे महिन्याच्या अखेरीला, म्हणजे शहाण्या माणसानं विदर्भाचं नावही काढू नये अशा दिवसांत, मी मंगरूळपीरच्या स्टँडवर उतरले. गजानन मोटरसायकल घेऊन आला होता. त्याच्या मागे मी, माझ्या मांडीवर बॅग आणि बॅगेवर हापूसची पेटी अशी आमची वरात निघाली.

आमच्या कोकणात नजर टाकली की ती कशाला तरी आपटते. डोंगराला, नाहीतर काजूच्या झाडाला, नाहीतर दुसऱ्याच्या घराला. इथे नजर सुटते ती सुटतेच. नांगरून तापत पडलेली काळी जमीन, मध्येच एखादं निंबाचं झाड, आणि बाकी सगळं आभाळ. पहिला दिवस मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. नंतर डोळ्यांना त्या मोकळेपणाची गोडी लागली.

घरात पाय टाकला तर पाणी हातात येईपर्यंत ताट मांडलेलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी, मग चहा, मग "जेवूनच जा ना" असं म्हणत म्हणत त्याला फाटकापर्यंत पोचवतात. इथे जेवायला विचारतच नाहीत, वाढतात. ज्वारीची भाकर, पाटवड्यांचा रस्सा आणि भुरका. भुरका म्हणजे तेलात परतलेलं तिखट. मी तो चटणी समजून घेतला आणि माझ्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "थोडं कच्चं तेल घ्या वरून. अन् लाजून काहून राह्यल्या? खा ना." मग मी त्यांना म्हटलं, चिपळूणला या, काटेरी मासा वाढते. त्यावर त्यांनी असं काही तोंड केलं की आमची फिट्टंफाट झाली.

व्याही, पुंडलिकराव, जेवायला आले नाहीत. ते गोठ्यात होते. मी हात धुऊन तिकडे गेले, आणि मला वजीर दिसला.

पांढरा, उंच, गळ्याखाली जरा काळसर झाक असलेला बैल. गोठा मोठा होता, पण तो उजव्या भिंतीला खेटून उभा होता आणि डावीकडची अर्धी जागा मोकळी. तिथे त्याचा जोडीदार राजा बांधलेला असे. उन्हाळ्याच्या तोंडाला राजाला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. तेव्हापासून वजीर कडबा अर्धा टाकतो, असं पुंडलिकरावांनी मला सांगितलं. सांगताना ते वजीरच्या पाठीवरून हात फिरवत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "याले मी वासरू होता तवापासून उजव्या अंगाले जुपला. डाव्या अंगाले हा एक पाऊल टाकत नाही."

हे मला समजावून घ्यावं लागलं. जुवाला दोन बाजू. जो बैल जन्मभर एका बाजूनं चालला त्याला दुसऱ्या बाजूला जुंपलं तर तो अडून बसतो. म्हणजे वजीरला जोड आणायचा तर तो उंचीला बरोबर हवा, चालीला बरोबर हवा आणि वर डाव्या अंगाचा हवा. मुग्धासाठी स्थळ बघताना आम्ही इतक्या अटी घातल्या नव्हत्या.

संध्याकाळी ओसरीवर विषय निघाला, आणि खरी अडचण कळली. गजानन शांतपणे म्हणाला, "बाबा, मी काई त्याचा दुश्मन नाही. पण एकट्या बैलाले वर्षभर बसवून चारू कसा? उद्याच्या बाजारात जोड भेटला तं ठीक. नाही तं पुढच्या बाजारी वजीरलेच घेऊन जाऊ. पेरणी ट्रॅक्टरनं होते."

"अन् डवरे कोन मारनार?" पुंडलिकराव म्हणाले. डवरा म्हणजे उभ्या पिकातलं तण काढायचं औत. "पीक वर आल्यावर तुहा ट्रॅक्टर सोयाबीनच्या ओळीत शिरते का?"

"सांगतलं मी माहं," गजानन म्हणाला आणि उठून गेला. त्यात राग नव्हता. त्याचं म्हणणं मलाही पटत होतं, आणि म्हणूनच पुंडलिकरावांच्या तोंडाकडे बघवेना.

आता अशा वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ शिवशिवायला लागली. मी म्हटलं, "व्याही, यावर गणित आहे." आणि सुरू झाले. समजा, एकामागून एक बैल बघायचे आहेत. सोडलेला परत मिळत नाही, पुढे कसा येणार ते ठाऊक नाही. मग थांबायचं कधी? लवकर थांबलो तर चांगला पुढेच राहतो, उशिरा थांबलो तर चांगला मागे जातो. उत्तर असं की साधारण पहिले एक तृतीयांश बैल, किंवा थोडे जास्तच, नुसते बघायचे. घ्यायचा एकही नाही. त्यातून बाजाराचा अंदाज येतो. त्यानंतर त्या सगळ्यांहून सरस असा जो पहिला दिसेल, तो डोळे मिटून घ्यायचा.

पुंडलिकरावांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "हे लय बेस सांगतलं. मले बी पहिला बैल घ्याची सवयच नाही." आणि मला म्हणाले, "तुमी उद्या संगं चला, इहीनबाई."

मंगरूळपीर, बैलबाजार

सकाळी बाजारात शिरायच्या आधी पुंडलिकराव दर्ग्यात जाऊन माथा टेकून आले. तिथेच पायरीवर छत्री घेतलेला एक उंच, सडपातळ माणूस चपला घालत होता. दाढी पांढरी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि उन्हात छत्री उघडायची तर तीही अगदी सावकाश, कापड तपासून. मी त्याच्याकडे बघितलं ते एवढ्याचसाठी की माझ्याकडे छत्री नव्हती आणि मला त्याचा हेवा वाटला.

बैलबाजारात बाईमाणूस नसतं. मी चष्मा लावून, खांद्याला पर्स अडकवून पुंडलिकरावांच्या मागून चालले तर लोक वाट द्यायला लागले. एकानं आपला बैल घाईघाईनं झाडामागे नेला. मग कळलं, मला सगळे सरकारी मॅडम समजत होते, बैलांच्या कानातले बिल्ले तपासायला आलेली. पुंडलिकरावांनी जिथे तिथे, "इहीन आहे माही, इहीन," असं सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात कुणाच्या तरी बैलानं माझ्या पदराला नाक पुसलं, आणि माझी सरकारी अब्रू संपली.

या बाजाराची रीत मी तिथे उभी राहून शिकले. भाव कुणी तोंडानं बोलत नाही. विकणारा आणि घेणारा दुपट्ट्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून सौदा करतात. चेहरे मात्र असे, जणू दोघं कुणाच्या दशक्रियेला आलेत. हात दुपट्ट्याखाली असेपर्यंत तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. हात बाहेर आला की बैल मोकळा. आणि एकदा हात काढून घेतलेल्या माणसानं परत त्याच बैलाकडे जायचं म्हणजे नाक खाली घालून जायचं. आमच्याकडे कोळणीशी भांडून दहा पावलं गेलं की तीच हाक मारते. इथे कुणी हाक मारत नाही.

आणखी एक. ज्याला फक्त जोड हवा असतो तो आपला बैल बाजारात आणत नाही, आणि घरी एकटा बैल आहे हे कुणाला कळूही देत नाही. कळलं की विकणारा समजतो, हा अडलाय, आणि बोटं जास्त दाबतो. पुंडलिकरावांनी वजीरची वशिंडापर्यंतची उंची मोजून एका सुती दोरीला गाठ मारली होती. ती दोरी खिशात. बैलाशेजारी उभं राहायचं, आभाळाकडे बघायचं आणि हळूच दोरी सोडून गाठ कुठे येते ते बघायचं. हे ते इतक्या सफाईनं करत की मला हसू आवरेना.

पहिल्याच रांगेत एक पांढरा बैल भेटला. गाठ बरोबर वशिंडाला लागली. पुंडलिकरावांचा हात दुपट्ट्याकडे गेला आणि थांबला. "नाही," ते मला म्हणाले, "तुमचं गणित. पहिला हिस्सा सोडा लागते." आम्ही पुढे गेलो. मी सहज मागे वळून बघितलं तर कुणीतरी त्याचा कासरा हातात घेऊन चालला होता.

पुढे दुसरा भेटला. आम्ही पोचेपर्यंत दुपट्ट्याखाली एक हात गेलाच होता, आणि शेजारी मिटलेली छत्री टेकवलेली होती. दर्ग्याच्या पायरीवरचाच तो माणूस. त्याच्याकडे दोरी नव्हती. तो बैलाला खेटून उभा राहायचा आणि वशिंड सदऱ्याच्या कितव्या गुंडीला लागतं ते बघायचा. विकणाऱ्यानं बैल जुवाला लावून चालवून दाखवला. छत्रीवाल्यानं मान हलवली, हात काढून घेतला आणि गेला. मी म्हटलं, "व्याही, जा आता. मोकळा झाला." पुंडलिकराव जागचे हलले नाहीत. "त्यानं टाकला. काई तरी खोड असंल." आणि तो बैलही तिसऱ्याच कुणाचा झाला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की मी व्याह्यांना भलतंच गणित सांगितलं आहे. माझं गणित एकट्या माणसाचं होतं. शोधणारे दोन असले की सगळंच बदलतं. मी थांबले तर तो घेणार, म्हणून मी थोडं आधी घ्यायला हवं. तोही हाच विचार करणार, म्हणून तो माझ्याही आधी घेणार. असं करत करत दोघंही फाटकातून आत येणारा पहिलाच बैल, मग तो कसाही असो, घेऊन मोकळे होणार. मी हे सगळं पुंडलिकरावांना भर उन्हात समजावून सांगितलं.

ते म्हणाले, "मंग आता काय करू?"

"दिसेल तो चांगला बैल लगेच घ्या. त्या छत्रीवाल्याच्या आधी."

"काल तं तुमी सांगतलं का थांबा."

"काल तो छत्रीवाला नव्हता हो."

पुंडलिकरावांनी माझ्याकडे असं बघितलं की मुग्धाची सूचना आठवली. पण ते चांगले, दोरी खिशात सारून पुढच्या रांगेत शिरले.

दुपार व्हायच्या बेताला निंबाखाली तो बैल दिसला. पांढरा, शांत, डोळ्यांत भीती नाही. गाठ वशिंडाला लागली. त्याच्या म्हाताऱ्या मालकानं सांगितलं की हा दोन्ही अंगांना चालतो, आणि तसा दाखवलाही. पुंडलिकरावांनी त्याला डावीकडून चालवून बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. तेवढ्यात छत्री आली. त्या माणसानं वशिंड गुंडीला लावून बघितलं, बैल उजवीकडून चालवून बघितला आणि त्याचाही चेहरा तसाच झाला.

आणि मग दोघांनी काय करावं? दोघांनीही पाठ फिरवली. आपल्याला गरज आहे हे विकणाऱ्याला दिसू नये, आणि समोरच्यालाही दिसू नये. पुंडलिकराव दूरच्या एका मरतुकड्या गोऱ्ह्याचे दात बघत बसले. छत्रीवाला समोरच्या टपरीवर चहा पीत बसला. दोघांचीही तिरकी नजर निंबाखाली. मी पुंडलिकरावांच्या कानाशी लागले, "जा ना हो." ते म्हणाले, "तो उठू द्या. मी आधी गेलो तं भाव चढते." तिकडे तोही बहुधा हेच म्हणत असणार, फक्त त्याच्या कानाशी कुणी गणिताची बाई नव्हती.

तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. एक जाडजूड माणूस उतरला, बैलाभोवती एक चक्कर मारली, म्हाताऱ्याच्या दुपट्ट्याखाली हात घातला, काढला आणि कासरा धरून चालायला लागला. बघता बघता बैल गाडीत चढलासुद्धा.

पुंडलिकराव गोऱ्ह्याचं तोंड हातात धरून तसेच बसून राहिले.

त्यानंतर बाजार पांगला. राहिले ते बैल गाठीच्या खूप खाली किंवा खूप वर. पुंडलिकराव टपरीच्या बाकावर येऊन बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला छत्रीवाला. मधे मी. आलूबोंडे समोर होते, पण कुणी हात लावत नव्हतं. पुंडलिकराव जणू स्वतःशीच बोलले, "घरी गेल्यावर गजाननले काय सांगू? अन् त्याले काय सांगू?" त्याले म्हणजे वजीरला, हे मला कळलं. मला खरंच रडू आलं. या माणसाला मी दोन वेळा दोन तऱ्हेचा सल्ला दिला होता आणि त्याच्या हातात नुसती दोरी राहिली होती.

आणि त्या दोरीकडे बघता बघताच मला ते दिसलं. शाळेत पोरांकडून घोकून घेतात ते साधं वाक्य: एकाच वस्तूइतक्या असलेल्या दोन वस्तू एकमेकींइतक्या असतात.

मी छत्रीवाल्याकडे वळले. "तुम्ही निंबाखालचा बैल उजवीकडून का चालवलात?"

तो दचकला. "काहून? तुमाले काय करनं आहे, मॅडम?"

"तुमच्या घरी एकच बैल आहे ना? डाव्या अंगाचा? पांढरा?"

त्याचं तोंड उघडं राहिलं. पुंडलिकराव माझ्यावर ओरडायच्या बेतात होते, घरची गोष्ट अशी बाजारात काढतात म्हणून. मी त्यांना बोलू दिलं नाही. "आणि यांच्या घरी एकच आहे. उजव्या अंगाचा. तो निंबाखालचा यांच्या गाठीला लागला आणि तुमच्या गुंडीला लागला. म्हणजे तुमचा आणि यांचा बैल एका उंचीचे आहेत. सकाळी तुम्ही जो टाकलात तो उजवीकडे अडला म्हणून टाकलात, होय ना? यांना तसाच हवा होता. दिवसभर तुम्ही दोघं एकमेकांपासून जे लपवत फिरताय ना, तोच तुमचा जोड आहे."

मग तो माणूस हळूच म्हणाला, "या अल्ला." आणि छत्री बाकाला टेकवून त्यानं आपलं नाव सांगितलं. रसूलभाई, राहणार किन्हीराजा. त्याच्या बायकोच्या वाट्याचं शेत आसेगावच्या वाटेवर आहे. त्याच्या बैलाचं नाव बादल. बादलचा जोडीदार म्हातारा झाला. "त्याले मी इकत नाही, ताई. दारात बसून खाते बिचारा. पन बादल एकटा पडला. जोड नाही भेटला तं यंदा वावर मक्त्यानं देनं पडते."

पुंडलिकराव सावधपणे म्हणाले, "मी वजीर इकनार नाही."

"मले बी बादल इकनं नाही."

"मंग सावड करू," पुंडलिकराव म्हणाले. सावड म्हणजे एकेक बैलवाल्या दोन शेतकऱ्यांनी जोडी जमवून दोघांची शेतं आळीपाळीनं करायची. जुनी रीत आहे. आमच्याकडेही लावणीला एकमेकांच्या शेतात जातात, पण बैल भागीत घेतलेले मी बघितले नव्हते.

रसूलभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "अन् पहिला पेरा कोनाचा?"

झालं. पेरणीचे दिवस मोजके, त्यात जो मागे राहील त्याचं नुकसान. मला वाटलं, आता परत दुपट्ट्याखाली हात जाणार. मी या वेळी मात्र तोंड आवळून बसले.

पुंडलिकरावांनी विचारलं, "तुमचं वावर कसं आहे?"

"हलकं. मुरमाड."

"माहं भारी आहे. काळं." आणि ते एकदम हसले. मी दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे दात बघितले. मग रसूलभाईही हसायला लागले, आणि मला कुणी सांगेना. शेवटी रसूलभाईंना दया आली. पावसानंतर जमीन चिखलही नको आणि कोरडीही नको, अशी जी मधली वेळ येते तिला वापसा म्हणतात. पेरणी वापशावर होते. हलक्या रानात पाणी लगेच निथळतं, वापसा आधी येतो. काळ्या रानाला अजून दिवस जातात. "माहं होईस्तोवर याईच्या वावरात पाय बी ठेवता येत नाही, ताई. भांडन कायचं?"

मग आलूबोंडे कुणीतरी खाल्ले. मीच, बहुतेक.

रसूलभाईंच्या वावरात

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत वजीर, त्याच्याशेजारी पुंडलिकराव, आणि पुढे ड्रायव्हरजवळ गजानन आणि मी असे गेलो. वच्छलाबाईंनी नैवेद्यासारखी पुरणाची पोळी बांधून दिली होती, ती माणसांसाठी नव्हती. गजानन वाटेत एवढंच म्हणाला, "कागदावर जोडी जमते, मावशी. जुवाखाली जमली पाह्यजे." मला आवडलं नाही, पण बरोबर होतं.

बादल बांधावर उभा होता. वजीरपेक्षा किंचित अंगानं भरलेला, पण उंचीला, काय सांगू, दोरीची गरजच पडली नाही. दोघांना जवळ आणलं. वजीरनं तोंड फिरवलं. बादलनं शिंग उगारल्यासारखं केलं, मग वजीरच्या मानेचा वास घेत राहिला. जू चढलं. मागे वखर बांधलं आणि पुंडलिकरावांनी ते धरलं. रसूलभाई बांधावर छत्री उघडून आमच्याजवळ उभे राहिले.

पुंडलिकरावांनी जिभेनं चक् केलं. वजीर निघाला. बादल हललाच नाही. रसूलभाईंनी बांधावरून हाक दिली, "चल बेटा," आणि बादल चालायला लागला. दोघांची पावलं पहिल्यांदा मागेपुढे पडली, मग बरोबर पडायला लागली. वखरामागे ढेकळं फुटत गेली. पुंडलिकराव लांब लांब जात लहान दिसायला लागले. मी गजाननकडे बघितलं. तो हाताची घडी घालून बघत होता.

पलीकडच्या टोकाला वळायचं होतं. "वय रे, वय," असा पुंडलिकरावांचा आवाज ऐकू आला. वजीर वळला. बादल सरळच चालत राहिला. जू तिरपं झालं, वखर आडवं पडलं, वजीर गुडघ्यावर यायचा तो वाचला. पुंडलिकरावांनी जोडी थांबवून बादलच्या तोंडाशी जाऊन समजावलं, मग रसूलभाईंचे शब्दही वापरून बघितले. "मुड बेटा." बादलनं कान हलवला आणि तसाच उभा राहिला. शब्द तोच होता, पण माणूस तो नव्हता.

"झालं," गजानन म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. त्यालाही वाईटच वाटत होतं.

आता कुठलं गणित सांगू? एकही आठवेना.

रसूलभाईंनी छत्री माझ्या हातात कोंबली आणि ढेकळांतून ठेचकाळत निघाले. म्हातारा माणूस, पण इतक्या लांबून धावतच गेला म्हणायचा. बादलच्या बाजूला उभा राहिला. मग तिकडून दोन आवाज आले. "वय रे वजीर, वय." "मुड बेटा, मुड." जोडी वळली. अगदी नीट, एका जागी, जशी वळायला हवी तशी.

रसूलभाई परत बांधाकडे यायला निघाले तर बादल थांबला. ते परत गेले तर चालला. पुन्हा निघाले, पुन्हा थांबला. शेवटी त्यांनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, आणि वखराचा एक कोपरा धरला. मग ते चौघं आमच्याकडे यायला लागले. दोन बैल, आणि एका वखरामागे दोन म्हातारे, एक उजव्याशी बोलतोय, एक डाव्याशी, दोघंही एकाच वेळी. दोघांच्या दोन्ही वावरांत आता दोघांनाही जावं लागणार होतं, हे त्यांच्या तोपर्यंत लक्षात आलं असावं, कारण मधूनच ते बैलांचं सोडून एकमेकांशी काहीतरी बोलत होते. मी रसूलभाईंच्या छत्रीत उभी राहून रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

जोडी बांधाजवळ आली, तिथेही दोन हाकांनी वळली आणि पुन्हा निघाली. कुणी थांबायचं नावच घेईना. वजीर शेपटी उडवत चालला होता.

गजाननानं हाताची घडी सोडली. थोडं बाजूला जाऊन त्यानं फोन लावला. पुढच्या बाजारासाठी ज्याला सांगून ठेवलं होतं तो कुणीतरी माणूस असावा.

"हां, मी बोलून राह्यलो. पुढच्या बाजारी येऊ नको." मग जरा थांबून, वावराकडे बघत म्हणाला, "नाही बाप्पा, इकला नाही. कामाले लागला तो."